गोमाजी गल्लीची रुंदी

जयवंत तुळसकरने आयुष्यातली एकतीस वर्षं फितीचं एक टोक धरण्यात घालवली. ज्यांना याचं हसू येईल त्यांनी माझगावला गोदीमागच्या रस्त्यावर भर दुपारी, ट्रकच्या चाकापासून चार बोटांवर उकिडवं बसून, फितीची पितळी कडी भिंतीच्या पायाशी दाबून धरावी आणि पलीकडच्या माणसाचं लिहून होईपर्यंत हलू नये. मग बोलावं.

फोर्टात 'पाटकर आणि मंडळी' नावाची मोजणीची पेढी होती. रस्ते, आवारं, हद्दी, गटारं, जे सांगाल ते पेढी मोजून देई. मोजणीला दोन माणसं लागतात. एक आकड्याच्या टोकाला आणि एक शून्याच्या. आकड्याचं टोक रमाकांत पाटकरांकडे असे, कारण ते मालक होते आणि त्यांना चष्मा होता. शून्याचं टोक जयवंतकडे. त्यामुळे या गृहस्थाने अर्धी मुंबई मोजली आणि तिचा एकही आकडा पाहिला नाही.

पण त्याला आपल्या कामाचा अभिमान होता. फीत ताठ आहे की मध्ये पोट सुटून लोंबतेय, हे त्याला न बघता बोटांतून कळे. लोंबलेली फीत आकडा वाढवून दाखवते. एकदा तो तिथूनच ओरडला होता, "साहेब, फीत ढिली आहे, जास्त येईल." पाटकर म्हणाले, "जयवंत, तू तुझं शून्य सांभाळ." त्याने सांभाळलं. "आपल्या टोकाला कधी चूक झाली नाही," असं तो चाळीत सांगे, आणि चाळीचा सेक्रेटरी दीपक राणे, जो विम्याचा धंदा करतो आणि ज्याला कोणाचंही कौतुक फार वेळ सहन होत नाही, तो म्हणे, "दादा, शून्यात चूक करायची म्हटली तरी जागा कुठे असते?"

पाटकर वारले, पेढी बंद झाली, आणि सत्तावन्नाव्या वर्षी जयवंत परळ गावातल्या गोमाजी गल्लीत, दामोदर चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर, बायकोच्या पायांत पायांत करत बसला. लक्ष्मीने सहा महिने काढले. मग पाटकरांची पुतणी मेघना हिचा फोन आला तेव्हा तिनेच तो नवऱ्याच्या कानाला लावला.

मेघनाची कंपनी दादरला होती, एका साड्यांच्या दुकानाच्या डोक्यावर दुसऱ्या मजल्यावर. काम नकाशांचं होतं. मोबाइलवरच्या नकाशात रस्ता म्हणजे नुसती रेघ. तिला लांबी असते, रुंदी नसते. मग त्या रेघेच्या पोटात माहिती भरावी लागते: रुंदी किती, लेन किती, वाहतूक एका बाजूने की दोन्ही, ट्रक शिरेल का, आगीचा बंब शिरेल का. आकाशातून घेतलेल्या फोटोंवरून यंत्र बरंचसं ओळखतं. पण गिरणगावातल्या गल्ल्यांवर पत्रे, ताडपत्र्या, वाळत घातलेल्या चादरी आणि पिंपळ असल्यामुळे यंत्राला वरून काही दिसेना. यंत्राला जे दिसत नाही ते बघायला माणूस लागतो, आणि गंमत म्हणजे तो यंत्रापेक्षा स्वस्तही पडतो.

"काका, लेन म्हणजे एक गाडी नीट जाईल एवढा पट्टा," मेघनाने पहिल्या दिवशी समजावलं.

"नीट म्हणजे?"

"म्हणजे नियमाने."

जयवंत अदबीने हसला. मुलगी साहेबांच्या घरातली होती.

पहिल्याच आठवड्यात त्याला लालबागला मसाल्याच्या बाजारात पाठवलं. मोबाइलवरच्या फॉर्ममध्ये लेनच्या चौकटीत एक, दोन, तीन यांपैकी काहीतरी टिपायचं होतं. जयवंत तासभर उभा राहिला. शेवटी त्याने 'एक' टिपलं आणि खालच्या शेऱ्याच्या जागेत लिहिलं: 'डाव्या अंगाला मिरच्या वाळत आहेत, उजव्या अंगाला मसाला कुटायच्या डंकाच्या रांगेतली माणसं. मधली जागा हातगाडीने घेतली आहे. हातगाडी हलली तर एक लेन मिळेल. ती दुपारी हलते.' शेऱ्याच्या जागेत तीनशे अक्षरं मावत, जयवंत ती सगळी वापरी. वाचणाऱ्याला उपयोग व्हावा हा त्याचा हेतू होता. कोण वाचतं हे त्याने विचारलं नाही, हे बरंच झालं.

मोजायला कंपनीने लाल ठिपक्याचं यंत्र दिलं होतं. एका भिंतीला टेकवायचं, ठिपका समोरच्या भिंतीवर पाडायचा, बटण दाबायचं. दुसरा माणूस लागत नाही. तरी जयवंतचा त्याच्यावर विश्वास बसेना म्हणून तो स्वतःची फीत बरोबर नेई आणि वाटेवरच्या कोणालाही शून्य धरायला लावी. वरळी कोळीवाड्यात कमळाबाई नावाच्या बाईने डोक्यावरची पाटी न उतरवता कडीवर पाय ठेवला आणि विचारलं, "मोजल्यावर गल्ली रुंद व्हनार हाय का?"

"नाही," जयवंत म्हणाला.

"मंग मोजतंस कशाला?"

फितीच्या आकड्याच्या टोकाला त्या दिवशी तो स्वतः होता. चार बारा. यंत्रही म्हणालं चार मीटर बारा. साठीला टेकलेल्या माणसाने वाकून तो आकडा तीन वेळा वाचला, कारण तो त्याचा होता. त्याला एकदम भरून आलं. समोर बोंबील सुकत होते आणि माशा घोंघावत होत्या, म्हणून डोळे पुसलेले कोणाला खटकले नाहीत.

दोन वर्षांत त्याने साडेचारशे गल्ल्या भरल्या. चार बाराचं चार दहा केलं नाही. कोणी पाहत नसतानाही केलं नाही. माणसाला आयुष्यात एखादी गोष्ट स्वच्छ ठेवायची हौस असते. काही लोक पितळेची भांडी घासतात, जयवंत सेंटिमीटर घाशी.

आणि मग गोमाजी गल्लीची पाळी आली.

तिची पाळी येण्याआधी राजस आला. एका बिल्डरच्या कचेरीतला हा तरुण, इस्त्रीचा शर्ट, हातात टॅब्लेट. दीपकने त्याला चार महिने फोन करून करून आणला होता. दामोदर चाळ ऐंशी वर्षांची. जिन्याला टेकू, छपराला ताडपत्री, आणि दर मजल्यावर सोळा खोल्यांना गॅलरीच्या टोकाला तीन संडास, त्यातला एक कायम बंद. चाळ पाडून तिथे मोठी इमारत उभी राहावी आणि प्रत्येकाला आतच सगळं असलेलं घर मिळावं, एवढी साधी इच्छा तिथे तीन पिढ्या बाळगून होत्या.

राजसने खाली उभं राहून वर पाहिलं, मग टॅब्लेटमध्ये पाहिलं. "तुमची गल्ली आमच्याकडे दिसतच नाहीये," तो म्हणाला.

"अहो, तुम्ही उभे आहात तिच्यात," दीपक म्हणाला.

"तसं नाही. आमचं सॉफ्टवेअर नकाशातून रस्त्याची रुंदी उचलतं. सहा मीटरच्या खाली असेल तर प्लॉट यादीतून आपोआप बाद. बंब फिरायला पाहिजे ना. तुमच्या गल्लीची रुंदी भरलेलीच नाहीये. ती भरली आणि सहा आली की आमचे साहेब बघायला येतील. त्याआधी ते खुर्चीतून उठत नाहीत."

"आणि रुंदी कोण भरतं?"

राजसने कंपनीचं नाव सांगितलं. दीपक राणेने हळूहळू मान वर केली आणि दुसऱ्या मजल्याच्या कठड्याकडे पाहिलं. तिथे जयवंत तुळसकर बनियन वाळत घालत होता.

त्या संध्याकाळी जयवंतच्या खोलीत माणसं मावेनात. ज्यांनी त्याला आजवर 'शून्य' म्हणून चिडवलं होतं ते चटईवर मांडी घालून बसले. तळमजल्यावरच्या अंबिकावहिनी घावने घेऊन आल्या. दीपकने सुरुवात केली, "दादा, काय ते तुझ्या हातात आहे."

"माझ्या हातात फीत आहे," जयवंत म्हणाला. "येईल ते लिहीन."

"किती येईल?"

जयवंतला ठाऊक होतं. डोळ्यांनी मोजायची सवय लागलेली असते. "तोंडाशी सहाच्या वर आहे. पण नियम सगळ्यात अरुंद जागेचा आहे, आणि मधे ओटे आहेत. पाच सत्तर येईल."

तीस सेंटिमीटर. जुन्या हिशेबाने एक फूट. एका फुटावर ऐंशी वर्षांची चाळ अडली होती.

जयवंतला उपाय सुचला आणि त्याने तो लगेच सांगितला, यावरून त्याला माणसांची किती पारख होती ते कळतं. दोन्ही बाजूंच्या तळमजल्याच्या लोकांनी कधीकाळी आपापल्या दारासमोर ओटे पुढे काढले होते. प्रत्येक बाजूने अर्धा फूट ओटा फोडला की गल्ली सहा मीटर होते. खोटं लिहायची गरजच नाही. दोन गवंडी, एक दिवस.

घावन्याचा घास तोंडाकडे नेणारा हात मधेच थांबला.

"माझा ओटा सासूबाईंनी बांधलाय," अंबिकावहिनी म्हणाल्या. "मी त्याला हात लावू देणार नाही."

"पण वहिनी, आख्खी चाळच पाडायचीय."

"चाळ पाडा की. ओट्याचं काय काढलंत?"

समोरच्या बाजूचे म्हणाले, आधी त्यांनी फोडावा. अंबिकावहिनी म्हणाल्या, त्यांचा ओटा जास्त पुढे आहे. कोणीतरी म्हणालं, दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला दुसऱ्याचे ओटे फोडायला काय जातंय. हे बाकी खरं होतं. पाऊण तासाने सगळ्यांचं एकमत झालं, की ओटे राहतील आणि जयवंत सहा लिहील.

"एक आकडा, दादा," दीपक निघताना म्हणाला. "आयुष्यात एकदा. कोणाचा खून नाय करायचाय."

सगळे गेल्यावर लक्ष्मीने घावन्यांची रिकामी ताटली विसळून पालथी घातली. चौपन्नाव्या वर्षी तिचे गुडघे पार गेले होते. गॅलरीच्या टोकाच्या त्या संडासात ती दाराची कडी धरून बसे आणि कडी धरूनच उठे, आणि मागच्या श्रावणात ती कडी उपटून हातात आली होती. कपाळाला तीन टाके पडले. चाळीत सांगितलं, जिन्यात घसरले.

"माका मोठा घर नको," ती पाठमोरी म्हणाली. "घरात संडास होयो. बाकी तुमका काय लिवचा ता लिवा."

जयवंत त्या रात्री कूस बदलत राहिला, हे सांगायला नको. एका तागडीत बायकोचे गुडघे, दुसरीत एक फूट. कोणीही शहाणा माणूस कुठली तागडी जड ते चटकन सांगेल. जयवंतलाही ते दिसत होतं. पण एकतीस वर्षं आकडा दुसऱ्याचा होता, आणि आता कुठे तो त्याच्या नावावर लागत होता. चारशे पन्नास गल्ल्यांत जे कोणासाठी केलं नाही, ते स्वतःच्या गल्लीत स्वतःसाठी करायचं, याची त्याला मनापासून लाज वाटत होती. त्यातून असलं काही बायकोला सांगता येत नाही. सांगायला गेलं तर ते मूर्खपणाचं वाटतं, आणि बहुतेक असतंही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी आठ वाजता त्याने गल्ली मोजली. तिन्ही मजल्यांच्या कठड्यांवर माणसं दाटली होती. कोणी टूथब्रश तोंडात धरून, कोणी पोर काखेत घेऊन. दीपकने पुढे होऊन शून्याचं टोक मागून घेतलं. "मी धरतो दादा, तू आकडा बघ." एवढा मान त्याला आजवर कोणी दिला नव्हता.

ओट्यापासून ओट्यापर्यंत फीत लागली. जयवंतने वाकून पाहिलं. पाच पंच्याण्णव. त्याने डोळे मिटले आणि बोटांनी फीत जोखली. दीपकने पलीकडून तिला सैल सोडली होती. मधोमध ती लोंबत होती, बाळंतिणीच्या खाटेसारखी.

"दीपक, ताण."

"ताणलीय."

"ताण म्हटलं ना."

एकतीस वर्षांत पहिल्यांदाच जयवंत तुळसकर शून्यावर डाफरला. फीत ताठ झाली. पाच सत्तर. त्याने लाल ठिपक्याचं यंत्रही लावलं. पाच सत्तर. त्याने खिशातून मोबाइल काढला, आकडा टिपला, बटण दाबलं आणि फीत गुंडाळली. कठड्यांवरून कोणी विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरून सगळ्यांनी वाचलं.

"काय लिहिलंस?" दीपकने तरी विचारलं.

"आहे ते लिहिलं."

पुढचे सात आठवडे दामोदर चाळ त्याच्याशी बोलली नाही. यासाठी सभा घ्यावी लागली नाही की ठराव करावा लागला नाही. चाळीत प्रेमाला निमित्त लागतं, बहिष्कार मात्र आपोआप होतो. तिसऱ्या खोलीतून वाचून झाल्यावर येणारा पेपर यायचा बंद झाला. तो संडासाच्या रांगेत उभा राहिला की पुढची दोन माणसं बोलता बोलता गप्प होत. अंबिकावहिनी त्याला पाहून ओटा धुवायला घेत, आणि पाणी बरोबर त्याच्या चपलांपर्यंत पोचे.

हे सगळं त्याने सहन केलं. लक्ष्मीचं सहन होईना. ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती ताट वाढी, "जेवून घ्या" म्हणे, आणि आपलं ताट घेऊन खिडकीशी जाई. बत्तीस वर्षं दोघं समोरासमोर बसून जेवली होती. एकदा तो म्हणाला, "अगं, पण ते पाच सत्तरच आहे." ती म्हणाली, "असात." आणि उपटलेल्या कडीच्या जागी आधाराला आणलेली नवी दोरी घेऊन गॅलरीच्या टोकाला गेली.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात खालून एक किंकाळी आली. अंबिकावहिनींना वाटलं कोणी गेलं. दीपक राणे मोबाइल हातात घेऊन गल्लीत नाचत होता. नकाशात गोमाजी गल्ली भरून आली होती. रुंदी: सहा मीटर. लेन: एक. राजसचा फोनही येऊन गेला होता. दामोदर चाळ यादीत लागली होती, आणि त्याचे साहेब पुढच्या महिन्यात खुर्चीतून उठणार होते.

जयवंत जिन्यात होता. त्याला आधी काही उमगेना. मग दीपकने त्याला मिठी मारली, आणि पाठोपाठ आणखी चौघांनी. "तोंडावर दाखवलं नाय पठ्ठ्याने! सात आठवडे शिव्या खाल्ल्या, पण बोलला नाय." जयवंत म्हणत होता, "अरे, मी नाही, काहीतरी चूक झालीय," पण मिठीत माणसाचा आवाज बाहेर येत नाही.

दुसऱ्या दिवशी तो तडक दादरला गेला.

मेघनाने दोघांसाठी चहा मागवला आणि गोमाजी गल्ली पडद्यावर उघडली. "बरोबर आहे की काका. तुम्ही पाच सत्तर पाठवलंत. म्हणजे सहा."

"म्हणजे सहा कसं?"

"आपण दशांश ठेवत नाही ना. जवळचा पूर्ण मीटर धरतो. गाडीला वाट दाखवायला तेवढं पुरतं. पाच चाळीस असतं तर पाच झालं असतं."

जयवंतने चहाचा कप खाली ठेवला. "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"मग वरळीचं चार बारा?"

तिने पाहिलं. "चार."

"मी सेंटिमीटर लिहून पाठवतो ते..."

मेघना चांगल्या घरातली मुलगी होती. ती म्हणाली, "तुमची सवय आहे ना ती, काका. म्हणून आम्ही कधी काही बोललो नाही."

जयवंतने विचारलं, की ही एवढी एक गल्ली पाच सत्तर ठेवता येईल का. ती म्हणाली, त्या चौकटीत टिंब पडतच नाही. फारच वाटत असेल तर शेऱ्यात लिहा. यावर तिला स्वतःलाच थोडं हसू आलं, आणि ते तिने चहात बुडवलं. साडेचारशे गल्ल्यांचे तीनशे-तीनशे अक्षरांचे शेरे कुठे जातात, ते जयवंतला त्या हसण्यावरून कळलं.

परतताना तो एल्फिन्स्टनच्या बाजूने चालत आला. एक गोष्ट चाळीत फक्त त्याला ठाऊक होती. साहेब खुर्चीतून उठतील, कागद पुढे सरकतील, आणि एक दिवस सरकारी माणूस खरी फीत घेऊन गल्लीत उतरेल. ती फीत दशांश ठेवते. तोपर्यंत ओटे फुटले नसले तर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. हे सगळ्यांना सांगायला हवं, असं ठरवूनच तो जिना चढला.

सव्वीस जानेवारीला चाळीत झेंडावंदन झाल्यावर सत्यनारायण असतो. यंदा पूजेनंतर सत्कार होता. सत्यनारायणाच्या साक्षीने, केळीच्या खांबांमधे, दामोदर चाळीने जयवंत तुळसकरचा खोटं बोलल्याबद्दल शाल आणि श्रीफळ देऊन गौरव केला. भटजींनाही यात काही वावगं वाटलं नाही. त्यांना दक्षिणा मिळाली होती.

दीपकने भाषण केलं. नियम माणसांसाठी असतात, माणसं नियमांसाठी नसतात, वगैरे. जयवंतदादाने आयुष्यभर शून्य धरलं पण चाळीसाठी सहा धरले, हे वाक्य त्याने आदल्या दिवशीच पाठ केलेलं असावं. टाळ्या पडल्या. मग जयवंतला चार शब्द बोलायला उभं केलं.

"मी पाच सत्तर लिहिलेत," जयवंत म्हणाला.

त्यावर जो हशा पिकला तो समोरच्या चाळीत ऐकू गेला. "वा, दादा, वा," दीपक डोळे मिचकावत म्हणाला. "बरोबर आहे. तसंच सांगायचं. नोकरी आहे माणसाची."

"खरंच सांगतोय. त्यांच्या मशीनने सहा केलेत. पुढे खरी मोजणी होईल तेव्हा..."

"मशीनने केलेत," अंबिकावहिनी कौतुकाने म्हणाल्या आणि त्याच्या हातावर प्रसादाची दुसरी मूद ठेवली. कोणीतरी टाळ्या सुरू केल्या. जयवंत आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग शाल खांद्यावरून घसरायला लागली म्हणून खाली बसला. या चाळीत त्याने सात आठवडे खरेपणाची शिक्षा भोगली होती, तेव्हा त्याच्या खरेपणावर सगळ्यांचा विश्वास होता. आता सत्कार झाल्यावर तोही गेला.

दुपारी खोलीत लक्ष्मीने पाट मांडले. दोन. समोरासमोर. शाल तिने घडी करून पेटीत ठेवली आणि नारळ देवापुढे. तिने सोलकढी केली होती, आणि त्याच्या आवडीची वालाची उसळ. बसताना तिने भिंतीचा आधार घेतला, गुडघ्यातून कळ आली ती गिळली, आणि त्याच्या ताटात भात वाढला.

"खरा सांगा हां," ती म्हणाली. आवाज अगदी खाली आणून, जणू शेजारची भिंत ऐकत होती. "माझ्यापुरता. किती लिवलात?"

जयवंतने तिच्याकडे पाहिलं. कपाळावरची तीन टाक्यांची खूण अजून गुलाबी होती. पाच सत्तर म्हणणं म्हणजे, तू पडलेली मला ठाऊक होतं, तुझे गुडघे मला ठाऊक होते, तरी मी एका फुटाच्या बाजूने उभा राहिलो, असं म्हणणं होतं. ते खरं होतं. तो तसाच उभा राहिला होता, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा राहिला असता. ती त्याच्या तोंडाकडे अशी बघत होती, की तिच्या डोळ्यांत सात आठवड्यांनी पहिल्यांदा त्याला जागा होती.

"सहा," तो म्हणाला.

लक्ष्मी हसली. "माका म्हायत होता. मघाशी सगळ्यांसमोर पाच सत्तर म्हटलात ना, तेव्हाच कळला. तुमका खोटा बोलूक जमणा नाय. तोंडार दिसता."

जयवंतने मान खाली घातली आणि भात कालवायला घेतला.